साद आणि लगाम

ओट्यावरून स्टीलची वाटी पडली आणि दुपारच्या सामसूम घरात टणकन आवाज झाला. फरशीवर एकदा उडून ती कडेवर उभी राहिली आणि घरंगळत बाहेरच्या खोलीत गेली. तिथं इंद्रजित खुर्चीत बसून पोटऱ्यांना तेल चोळत होता. वाटी त्याच्या उजव्या पायाजवळून, अगदी वीतभर अंतरावरून पुढं गेली, भिंतीला आपटली, स्वतःभोवती फिरत किणकिणली आणि गप्प झाली.

इंद्रजितनं ती जाताना पाहिली. पाय मात्र हलवला नाही.

कणकेचे हात तसेच धरून शिवांजली दारात उभी होती. या घरात ती लग्न होऊन आल्यापासून कुठलीच गोल वस्तू त्या भिंतीपर्यंत पोचली नव्हती. लिंबू, कांदा, डब्याचं झाकण, लेकीची, रेवाची बांगडी, काहीही घरंगळलं की इंद्रजितचा पाय आपोआप पुढं व्हायचा. बोलता बोलता, न बघता. एकदा देवाचा नारळसुद्धा त्यानं असाच अडवला होता आणि सासूबाईंनी त्याला दिवसभर बोलून घेतलं होतं. आज पहिल्यांदाच काहीतरी त्याच्या पायाजवळून सुखरूप निघून गेलं.

शिवांजलीला आनंद झाला. निकाल लागलेल्या मुलीसारखी ती हसली.

"लागला की लगाम," ती म्हणाली.

"मेनेझिस सरांना सांगू नकोस. आणखी तासभर राबवून घेतील," इंद्रजित म्हणाला आणि पुन्हा तेल चोळू लागला. आतल्या खोलीत रेवा झोपली होती. तिनं कूस बदलली, आणि दोघंही हळू आवाजात बोलू लागले.

हा लगाम काय होता ते सांगायचं तर आधी पाणवठा तालमीचा खेळ सांगायला हवा.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींतून वाढला. कुस्तीच्या हौद्याशेजारीच चेंडूची जाळी टांगलेली असते आणि पेठेतल्या पोराला चालता आलं की दोन्हींतलं एक निवडावं लागतं. पाणवठा तालमीच्या पोरांना खेळ एकच ठाऊक होता: चेंडू मिळाला की सगळ्यांनी पुढं जायचं. बचावाला ठेवलेल्या गड्यांनीसुद्धा. चेंडू मागं, आपल्याच गोलरक्षकाकडं देणारा माणूस तालमीच्या लेखी मैदान सोडून पळालेला. त्याची शिक्षा ठरलेली होती. त्यानं संध्याकाळी दूध कट्ट्यावर अख्ख्या संघाला धारोष्ण दूध पाजायचं आणि स्वतः कोरड्या तोंडानं बाजूला उभं राहायचं. आप्पा वस्तादांनी घालून दिलेला हा नियम. ते स्वतः जवानीत बॅक होते आणि आयुष्यात एकदाही दूध पाजलं नाही, हे ते नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत.

दुसरी गोष्ट सादेची. सामन्याला खेळाडूंच्या घरची माणसं एकाच कोपऱ्यात बसत. संघ मागं रेटला जायला लागला की ती आपापल्या गड्याला घरच्या नावानं साद घालत. कुणाची आजी "बाळ्या, निघ रं आता" म्हणे, कुणाची बहीण नुसतं "दादू" म्हणून किंचाळे. हलगी मागाहून कडाडायची, आधी साद. साद आली की पाय आपले राहत नाहीत, असं खेळाडू शपथेवर सांगायचे. याच पायांनी पाणवठ्यानं दुसऱ्या श्रेणीतले सामने पाच-चार, चार-तीन असे जिंकले आणि तालीम राष्ट्रीय साखळीच्या पहिल्या श्रेणीत गेली. पेठेत त्या दिवशी इतका गुलाल उधळला की दारातली कुत्रीसुद्धा आठवडाभर गुलाबी दिसत होती.

पहिल्या श्रेणीतले संघ मात्र शहाणे होते. ते पाणवठ्याला पुढं येऊ देत, अगदी आग्रहानं बोलवून घेत. मग एक लांब पास, आणि मागं सगळं मैदान मोकळं. पहिल्या सामन्यात पाणवठ्यावर सहा गोल झाले, दुसऱ्यात पाच. गोव्याहून प्रशिक्षक म्हणून मेनेझिस सर आले. ते शांत गृहस्थ होते. पहिल्या बैठकीत त्यांनी इंद्रजितला उभं केलं.

"तू बॅक. काल मी तुला शोधला, तू आपल्या फॉरवर्डच्याही पुढे. तिकडे काय तुझे घर आहे?"

सगळे हसले, इंद्रजितही हसला. पुढच्या सामन्यात सगळे पुन्हा तसेच गेले. सरांचं कुणी ऐकत नव्हतं असं नाही. फळ्यावर काढलेल्या रेघा त्यांना पाठ होत्या. पण कोपऱ्यातून साद यायची आणि रेघा पुसल्या जायच्या.

तेव्हा संघाच्या पुरस्कर्त्यांनी रोधपट्टी आणली आणि ती चालवायचं काम शिवांजलीकडं आलं. ती फिजिओथेरपी शिकली होती, नंतर चेता-प्रशिक्षणाचा, म्हणजे मेंदूला वळण लावण्याचा, नवा अभ्यासक्रम तिनं रेवाला मांडीवर घेऊन पुरा केला होता. पट्टी कानामागं चिकटायची, औषधाच्या चिकटपट्टीएवढीच. माणूस धाव घेतो त्याच्या क्षणभर आधी त्याच्या मेंदूत एक लाट उठते. आपण धावणार आहोत हे त्याचं त्यालाही अजून कळलेलं नसतं. ही झेपलाट. पट्टी ती हेरायची आणि लगेच उलटी, बारीकशी लाट सोडायची. लाट लाटेत विरायची आणि पाय जागच्या जागी राहायचा. हे पुरेशा वेळा झालं की मेंदूलाच वळण लागतं, मग पट्टीची गरज उरत नाही, असं पट्टी बनवणाऱ्या कंपनीचे डॉक्टर म्हणत. पोरांनी तिचं नाव लगाम ठेवलं.

आधी प्रत्येक गड्याची सगळ्यात मोठी झेपलाट पकडायची होती. जे त्याला सगळ्यात जास्त पुढं ओढतं, त्याच्यावरच लगाम बसवायचा, म्हणजे बाकीच्या लहान ओढी आपोआप आवरतात. कंपनीनं त्यासाठी चेंडूची चित्रफीत दिली होती. पाणवठ्याच्या पोरांनी ती जांभया देत बघितली. पडद्यावरची रेघ जेमतेम हलली.

"यांना साद ऐकवून बघायची का, सर?" शिवांजलीच म्हणाली होती.

मग ती पेठेत घरोघर फिरली. आज्या ठेवणीतली लुगडी नेसून बसल्या, कारण नुसता आवाज घ्यायचाय यावर त्यांचा विश्वास नव्हता. सादा ऐकवल्या आणि पडद्यावर डोंगर उभे राहिले. इंद्रजितच्या वेळी सगळा संघ भोवती जमला होता. त्याच्या आईच्या "इंद्या"ला एक टेकडी उठली. शिवांजलीच्या "अहो"ला रेघ हललीसुद्धा नाही, तेव्हा पोरं लोळायची बाकी राहिली. घरात ती त्याला अरे-तुरे करायची, "अहो" फक्त चारचौघांतलं, हे त्यांना काय माहीत. शेवटी तिनं रेवाचा आवाज लावला. पाच वर्षांची रेवा मैदानाच्या कठड्यावर उभी राहून ओरडायची तोच: "पप्पा, पळ."

रेघ पडद्याच्या वर निघून गेली.

"हीच घ्या," मेनेझिस सर म्हणाले. शिवांजलीनंही तीच घेतली. इंद्रजित लाजून, पण छाती काढून बसला होता.

त्या दिवसापासून रोज सकाळी, रेवा बालवाडीत गेलेली असताना, तिचा आवाज मैदानावर इंद्रजितच्या कानात वाजत राही. पप्पा, पळ. लाट उठे, विरे, पाय थांबे. पुन्हा. शिवांजली पडद्यावर बघत असे. पहिल्या आठवड्यात डोंगर होता, मग टेकडी झाली, मग शेताच्या बांधाएवढा उंचवटा. ती रोज संध्याकाळी सरांना आलेख दाखवी आणि सर मान हलवून "देव बरें करूं" म्हणत.

आणि खरोखरच बरं झालं. पाणवठ्याचे सामने शून्य-शून्य सुटायला लागले. मग एक-शून्य असा विजय. बचावफळी एका रेषेत उभी राही आणि तिच्या मधोमध इंद्रजित, गुडघे किंचित वाकवून, हात अंगापासून सुटे ठेवून, समोरच्याला वाट न देता एकेक पाऊल मागं घेणारा. वर्तमानपत्रांनी त्याला पाणवठ्याची भिंत म्हटलं. हलगीवाल्यांची पंचाईत झाली, कारण कधी वाजवायचं हेच त्यांना कळेना. महिन्याभरात त्यांना तेही वळण लागलं. चेंडू बाहेर मारला की हलगी.

सगळ्यात आधी बदलले ते आप्पा वस्ताद. त्यांनी दूध कट्ट्यावरचा नियम उलटा केला. आता जो विनाकारण पुढं जाईल त्यानं दूध पाजायचं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला ते पळपुटेपणा म्हणत आले होते तिला आता ते डोकं म्हणू लागले, आणि बोलताना त्यांच्या आवाजात कुठं खाच म्हणून पडली नाही.

वाटी भिंतीपर्यंत गेली ती या दिवसांत. त्यानंतरच्या रविवारी सकाळी तिघं बागेत गेली.

रेवाच्या सायकलीची मागची दोन छोटी चाकं नुकतीच काढली होती. बागेत एक उतार आहे, तो फाटकाशी संपतो आणि फाटकापलीकडं रस्ता. शिवांजली वर थांबली, इंद्रजित खाली फाटकाच्या अलीकडं उभा राहिला. रेवा निघाली, नीट निघाली. अर्ध्यावर हँडल डगमगायला लागलं आणि ब्रेक दाबायचं ती विसरली.

"पप्पा, पळ. पप्पा, धर मला."

इंद्रजित चार ढांगांवर होता. त्यानं गुडघे वाकवले. हात अंगापासून सुटे केले. डोळे रेवावर रोखलेले. आणि त्यानं एक पाऊल मागं घेतलं. मग आणखी एक.

ती ढब शिवांजलीनं वरून ओळखली. तिनंच ती पडद्यावरच्या उंचवट्यातून दिवसेंदिवस घडवली होती. ती धावत सुटली, पण ती वर होती. सायकल कठड्याला धडकली, रेवा हनुवटीवर पडली आणि तिला उचललं ते फाटकाशी बसणाऱ्या भडंगवाल्यानं, हातातली कागदी पुडी टाकून.

हनुवटीला टाके पडले. दवाखान्यातून येताना रेवा आईच्या खांद्यावर झोपली. इंद्रजित शेजारून चालत होता.

"मला सगळं दिसत होतं, शिवा. ती पडणार हे कळत होतं. पण पायच निघाला नाही. आतनं कोणतरी थांब, थांब म्हणत होतं."

"पट्टी होती कानामागं?"

"नव्हती. पट्टी तालमीत आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला पट्टी लावली, पण उलटी लाट बंद ठेवली. नुसतं मोजमाप. रेवाची साद वाजवली. रेघ उठायला लागली आणि क्षणात, कुणी मान धरून खाली बसवावी तशी बसली. कुणीच काही केलं नव्हतं. ते त्याचं त्यानंच केलं होतं. मग तिनं बाकीच्या सादा वाजवल्या. आईच्या "इंद्या"ला टेकडी होती, बरीचशी पूर्वीसारखी. लगाम सगळ्यात घट्ट बसला होता तो एकाच आवाजावर.

तिनं कंपनीच्या डॉक्टरांना पडद्यावर गाठलं. ते खूश झाले. पट्टीशिवाय टिकलं म्हणजे उत्तमच, म्हणाले. टाक्यांचं ऐकल्यावर मात्र त्यांनी तिचे आलेख पुन्हा मागवून पाहिले. मग म्हणाले की उलटं वळण देता येतं. तीच साद, पण या वेळी पट्टी लाटेला खाली ढकलण्याऐवजी वर उचलून धरेल. मात्र ध्वनिमुद्रण चालणार नाही, त्या मुद्रणाचा आणि थांबण्याचा त्याच्या मेंदूत आता एकच गठ्ठा झालाय. मुलीनं समोरून, जिवंत, मनापासून हाक मारायला हवी. आणि एकदा हे सुरू केलं की बचावाचं सगळं वळण उसवणार. या मोसमात त्याला मैदानात उतरवता येणार नाही.

मोसमाचे तीन सामने उरले होते. पाणवठा तळातल्या संघांच्या जेमतेम वर होता. खाली घसरला की पुन्हा दुसरी श्रेणी, पुन्हा तेच मैदान.

त्या संध्याकाळी आप्पा वस्ताद घरी आले. रेवासाठी त्यांनी दुधाची बरणी आणली होती. तिच्या हनुवटीवरचे टाके बघून त्यांचे डोळे भरले, ते खोटं नव्हतं. मग त्यांनी शिवांजलीला बाजूला घेतलं.

"सूनबाई, पोरीची जखम भरंल. तालीम खाली गेली तर माझ्या हयातीत पुन्हा वर येती काय, सांग तूच."

ते गेल्यावर ती इंद्रजितजवळ बसली आणि म्हणाली की रेवाचा आवाज मी निवडला. सर म्हणाले ते खरं, पण मी नको म्हणू शकले असते. आजीचा, आईचा, कुणाचाही चालला असता, थोडा वेळ जास्त लागला असता इतकंच.

इंद्रजितनं आपल्या पावलांकडं बघितलं.

"माझी सगळ्यात मोठी उडी तिच्यासाठीच होती न्हवं?" तो म्हणाला. "मग तू बरोबरच मोजलंस की."

"आता काय करायचं?"

"तीन मॅच, शिवा. फक्त तीन. मग तू म्हणशील ते."

ती होकार देऊन बसली. पुढं कधी ती स्वतःला विचारायची, की त्या वेळी मी आई म्हणून हो म्हटलं, बायको म्हणून की आलेख काढणारी म्हणून. पण हे पुढचं. त्या संध्याकाळी तिला एवढंच वाटलं की तीन सामने म्हणजे काही फार नाही.

पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसरा पाणवठा हरला. तिसऱ्यात निदान बरोबरी हवीच होती. त्या आठवड्यात आप्पा वस्तादांची एका वर्तमानपत्रात मुलाखत आली. भिंत कशी बांधली, असं विचारल्यावर भोळेपणानं आणि अभिमानानं त्यांनी सगळं सांगून टाकलं. साद, पट्टी, कठड्यावरून ओरडणारी चिमुरडी. मुलाखतीखाली इंद्रजितचं चित्र होतं आणि त्याच्या कडेवर रेवा.

शेवटच्या सामन्याला स्टेडियम तुडुंब भरलं होतं. घरच्या माणसांच्या कोपऱ्यात आता साद घालायला मनाई होती, त्यामुळं आज्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. रेवा शिवांजलीच्या मांडीवर होती. पाव्हण्या संघाचे पाठीराखे पलीकडच्या कठड्यावर. सुरुवातीला ते नेहमीसारखे ढोल वाजवत होते. मग इंद्रजित त्यांच्या बाजूला आला आणि तिकडून एकानं, चांगल्या दाढीमिशांच्या माणसानं, बारीक आवाज काढून हाक मारली.

"पप्पा, पळ."

बाकीच्यांनी ती उचलली. शंभर गडी बाळाच्या आवाजात ओरडायला लागले. पप्पा, पळ. पप्पा, ये की. समोरून त्यांचा फॉरवर्ड चेंडू घेऊन येत होता, एकच चुकीचं पाऊल पुढं पडलं असतं तर मागं मैदान मोकळं होतं. इंद्रजितनं गुडघे वाकवले आणि एक पाऊल मागं घेतलं. चेंडू अडला. हलगी कडाडली.

ते पुन्हा ओरडले, तो पुन्हा जागचा हलला नाही. मग पाणवठ्याच्या पोरांना यात गंमत दिसली. ओरडा लेकांनो, आमची भिंत हलत नसती, म्हणून त्यांनी ती आरोळी आपलीच करून टाकली. अख्खं स्टेडियम एका तालात ओरडायचं, पप्पा, पळ, आणि इंद्रजित जागच्या जागी राहिला की टाळ्यांचा कडकडाट. चाळिशीतली माणसं डोळे पुसत होती. शिवांजलीच्या शेजारच्या बाई तिचा हात दाबून म्हणाल्या, की काय जिगर आहे बाई तुझ्या नवऱ्याची, पोरीच्या आवाजालाबी बधत नाही.

रेवा मांडीवरून उतरून कठड्याशी उभी राहिली होती. सुरुवातीला तिनंही एकदा तोंड उघडलं. मग आजूबाजूला बघितलं आणि मिटलं.

"मम्मी, ही सगळी माझ्या पप्पाला पप्पा का म्हणालेत?"

"गंमत करालेत, बाळा."

"आणि पप्पा थांबला की टाळ्या वाजवालेत."

सामना शून्य-शून्य सुटला. पाणवठा पहिल्या श्रेणीत राहिला. इंद्रजितला खांद्यावर घेऊन पोरं नाचली, आप्पा वस्तादांनी त्याच्या पायाला हात लावला, आणि गुलालात त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. रेवा त्या गर्दीकडं गेली नाही. आईचा हात धरून पायऱ्यांवरच उभी राहिली, आणि इंद्रजितनं लांबून हात हलवला तेव्हा तिनंही शहाण्या मुलीसारखा हलवला.

दिलेला शब्द इंद्रजितनं पाळला. दुसऱ्याच आठवड्यात, तालमीची मंडळी पुढच्या मोसमाच्या कराराचं बोलायला आली असताना, त्यानं त्यांना चहा दिला आणि आत्ताच काही सांगत नाही म्हणाला. आप्पा वस्ताद रागावून गेले. शिवांजलीनं पट्टी नव्यानं लावून घेतली, डॉक्टरांनी सांगितलं तसं, आणि ती तिघं सकाळच्या वेळी तालमीच्या रिकाम्या मैदानावर गेली. इंद्रजित मैदानाच्या मध्यावर उभा राहिला. रेवा कठड्याशी.

"आता हाक मार पप्पाला. पूर्वी मारायचीस तशी."

"पप्पा, पळ," रेवा म्हणाली. बालवाडीत बाईंनी म्हणायला सांगितलेलं म्हणावं तसं.

पडद्यावरची रेघ हलली नाही. उठलीच नाही, तर पट्टी उचलणार कशाला?

"मोठ्यानं, राणी."

"नको."

"का ग?"

"मोठ्यानं ओरडलं की पप्पा थांबतो."

शिवांजलीनं हातातला पडदा खाली ठेवला. एवढे दिवस ती इंद्रजितचे आलेख काढत होती. ज्या मुलीच्या कानामागं कधी पट्टी चिकटवली नव्हती तिला कसलं वळण लागतंय, हे बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला आठवलं, बागेनंतर रेवानं एकदाही पप्पाला हाक मारली नव्हती. रात्री पाणी हवं असलं तर ती उठून मम्मीला हलवायची. चप्पल सापडली नाही तर स्वतः शोधायची. पडली तर आधी इकडंतिकडं बघायची आणि मग उठायची. घरात सगळ्यांना वाटत होतं, पोर समजूतदार झाली.

ती तिघं रोज जात राहिली. इंद्रजित रोज मध्यावर उभा राहायचा, कधी गुडघे वाकवून बसायचा, कधी माकडासारख्या उड्या मारून दाखवायचा. रेवा हसायची. पण हाक यायची ती पाठ केलेली. घाई करायची नाही असं शिवांजलीनं ठरवलं होतं. एका सकाळी ती रेवासमोर गुडघ्यांवर बसली आणि लहान मुलीला कळेल असं सगळं सांगितलं. की पप्पाचे पाय थांबायला शिकले, त्यात पप्पाची चूक नाही. मम्मीनंच शिकवलं. पप्पाला तुझ्याकडं यायचं असतं, पाय ऐकत नाहीत. कानामागची ही पट्टी आता त्या पायांना निघायला मदत करणार आहे. पण त्यासाठी तुझी खरी हाक लागते, आतून आलेली. ती दुसऱ्या कुणाचीच चालत नाही.

रेवानं सगळं ऐकून घेतलं. हनुवटीवरच्या व्रणावर बोट फिरवत ती मैदानाकडं बघत होती. पलीकडं इंद्रजित उभा होता, दोन्ही हात तिच्याकडं पसरून, कानामागची पट्टी उन्हात चमकत होती. रेवा कठड्यावर चढली. तिनं छाती भरून श्वास घेतला. पडद्यावर, किती दिवसांनी, रेघेला एक बारीकसं कंपन आलं. नुसत्या तिच्या श्वासालाच. शिवांजलीनं स्वतःचा श्वास रोखून धरला.

मग रेवानं तो श्वास तसाच सोडून दिला आणि आईकडं वळली.

"मम्मी, मी हाक मारली आणि पप्पा पळत आला," तिनं विचारलं, "तर तो आपला आपण आलेला असणार, का तू पाठवलेला?"